नाव गाडीबरोबर येतं

तिसरं पान उलगडलं आणि संशय फिटला. पहिली दोन पानं कांडीबरोबरच आलेली, कुरियरच्या खोक्यात चार दिवस दबलेली, कडांनी पिवळी पडलेली. रात्रीच्या एसटीनं आलेल्या पाहुण्याचा चेहरा बघून त्याच्याबद्दल मत करू नये, तसं मीही त्यांच्यावरून काही ठरवलं नव्हतं. पण हे तिसरं पान माझ्या खिडकीत, माझ्या नळाच्या पाण्यावर वाढलेलं. एका हातात सकाळचा चहा होता, दुसऱ्या हाताच्या चिमटीत मी ते पान धरलं. विड्याच्या पानाएवढं जाड लागलं. लागायला हवं होतं कांद्याच्या सालीसारखं, पलीकडून बोट दिसेल असं.

२०२१ च्या मे महिन्यात मी ही वेल घेतली होती. सगळे घरात कोंडलेले, आणि ज्याला खिडकी होती तो खिडकीत काहीतरी लावत होता. एका पेराची कांडी हजारांत जात होती. मी २,२०० रुपये मोजून 'मॉन्स्टेरा ऑब्लिक्वा' मागवली आणि आईला दोनशे वीस सांगितले. त्यावरही ती म्हणाली, "अळवाला दोनशे वीस?"

तिचं काही चुकत नव्हतं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अँथुरियम, मनी प्लांट हे सगळं अळू-सुरणाचंच खानदान. पान चावलंत तर घसाही अळवासारखाच खवखवेल. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या कुंड्यांना 'तुझे महागाचे अळू' असंच म्हणतात.

तर ही ऑब्लिक्वा. मॉन्स्टेराच्या ज्या वेलींच्या पानांना भोकं पडतात त्यांत दोन नावं कायम एकमेकांत अडकलेली असतात, अ‍ॅडन्सोनी आणि ऑब्लिक्वा. अ‍ॅडन्सोनी रांगडी आहे, कुठेही वाढते, तिच्या पानात भोकं असतात पण भोकांपेक्षा पान जास्त. संग्राहक ज्या ऑब्लिक्वासाठी वेडे होतात ती पेरूकडची, तिच्यात पानापेक्षा भोकं जास्त. शिरा आणि कडा तेवढ्या उरलेल्या, मधलं सगळं जणू कसरीनं खाल्लेलं. पान कागदासारखं पातळ, वाढ गोगलगाईची, आणि मधूनच बिनपानांचा लांबलचक दोरीसारखा धुमारा सोडायची सवय. हवेत सतत ओल हवी. पुण्याच्या एप्रिलमध्ये ती आठवडाभरात वाळून जाईल, हे मला पैसे भरण्याआधी सुचायला हवं होतं. माझी वेल मात्र एप्रिलसारख्या मे महिन्यात मजेत होती.

गंमत अशी, की भोकं मोजूनही निकाल लागत नाही. बोलिव्हियाकडच्या ऑब्लिक्वाच्या पानांना भोकंच नसतात. मायकेल मॅडिसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७७ साली अख्ख्या मॉन्स्टेरा प्रजातीचा आढावा घेतला, त्यात या एकाच जातीच्या पानांचे इतके अवतार आहेत की बघणाऱ्यानं हात टेकावेत. म्हणून जाणकार भोकांकडे बघत नाहीत. पान चिमटीत धरतात, धुमारे आहेत का बघतात. जगभरच्या संग्राहकांत एक ठरलेला विनोद आहे: कुणी फोटो दाखवून 'ही ऑब्लिक्वा आहे का?' असं विचारलं की उत्तर एकच, 'ती कधीच ऑब्लिक्वा नसते.' हा विनोद मला पैसे भरल्यानंतर कळला.

अ‍ॅडन्सोनीला नाव मिळालं ते मिशेल अ‍ॅडन्सन या अठराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून. 'मॉन्स्टेरा' हे प्रजातीचं नावही त्याचंच, १७६३ सालचं. तरुणपणी तो सेनेगलमध्ये होता, तिथल्या बाओबाबचं त्यानं वर्णन केलं आणि लिनियसनं त्या वृक्षाला त्याचं नाव दिलं, अ‍ॅडन्सोनिया. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. तिचा चिंचेशी काडीचा संबंध नाही. म्हणजे ज्या माणसाचं नाव माझ्या खोट्या ऑब्लिक्वाचं खरं नाव निघालं, त्याचं दुसरं झाडही आपण भलत्याच नावानं हाक मारत आलो आहोत. हे वाचून मला उगाच थोडं बरं वाटलं.

मग मी शांतपणे हिशेब केला. रोप ठणठणीत होतं. दर तीन आठवड्यांनी नवं पान, प्रत्येक पानाला पाच-सहा भोकं, सकाळच्या उन्हात भिंतीवर सावली पडायची तीही ठिपक्याठिपक्यांची. अ‍ॅडन्सोनी तेव्हा नर्सरीत दीडशेला मिळत होती. म्हणजे मी दीडशे रुपयांचं रोप घेतलं होतं आणि दोन हजार पन्नास रुपयांची नावाची पट्टी.

पट्टी खरंच छान होती. पांढरी, प्लास्टिकची, छापील तिरक्या अक्षरांची. मी ती काढली नाही.

*

आपण फसतो याचं एक कारण या वेलींच्या बालपणात आहे. कुंडीत असतात तोवर त्या सगळ्या पोरंच असतात, आणि पोरं सारखी दिसतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण या कुळाला लागू नाही. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात आंब्यावर चढलेला मनी प्लांट बघा. खालची पानं तळहाताएवढी. वर, खोडाला धरून पंधरा फूट गेलं की सुपाएवढी, आणि कडांना फाटलेली. टीव्हीवर ठेवलेल्या बाटलीतला मनी प्लांट आणि हा एकच, असं सांगितलं तर लोक हसतात. चढायला आधार मिळाला की पान मोठं होतं, मिळाला नाही की आयुष्यभर लहान राहतं. आपण घरात जे वाढवतो ते बहुतेक या न वाढलेल्या पोरांचं पाळणाघर आहे.

मनी प्लांटच्या बाबतीत तर शास्त्रज्ञही गडबडले. १८८० साली त्याला पोथॉस प्रजातीत नोंदवलं गेलं, पुढे तो सिंडाप्सस प्रजातीत गेला. फूल काही कुणाला दिसेना, आणि या कुळात फूल बघितल्याशिवाय खरी ओळख पटत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो एकदाचा फुलला, तेव्हा त्याला ऱ्हाफिडोफोरात बसवलं. १९६४ मध्ये तो एपिप्रेम्नममध्ये गेला, आणि आजही मुक्काम तिथेच आहे. तो एरवी फुलत का नाही याचा उलगडा २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी केला: फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकातच खोट आहे. मूळ गाव पॅसिफिकमधलं मोरेआ हे बेट. आपल्याकडे हरेक दारात आहे, चोरून आणला तर जास्त पैसा येतो असंही म्हणतात. मोरेआत असं म्हणत नसावेत.

बाजारात याच मनी प्लांटच्या पट्टीखाली हृदयाकृती पानाचा फिलोडेंड्रॉन सर्रास मिळतो, आणि उलटही. ओळखायचं असेल तर पान बघू नका, नवं पान येताना बघा. मनी प्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाला चिकटून, गुंडाळीतून सुटतं. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका पातळ म्यानातून बाहेर येतं, आणि पान उघडल्यावर ते म्यान तपकिरी होऊन गळतं. शिवाय मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूनं पन्हळ असते, नखानं चाचपली की लागते. फिलोडेंड्रॉनचा देठ गोल. हे एकदा बोटांना कळलं की अंधारातही चुकत नाही. मखमली पानांच्या अँथुरियमचंही तसंच. क्रिस्टलिनम आणि मॅग्निफिकम यांच्या पानांवरची रुपेरी जाळी बघून भलेभले चकतात. मॅग्निफिकमचा देठ चौकोनी असतो, कोपरे बोटाला टोचतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अर्थात विकणारा फोटोत देठ दाखवत नाही.

*

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे निघालं की दुतर्फा नर्सऱ्या लागतात. तिथल्या एका मामांकडे मी वर्षानुवर्षं जाते. आपल्या फसवणुकीचं शल्य घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते टेंपोतून ट्रे उतरवून घेत होते. माल बराचसा आंध्रातल्या कडियमहून येतो, राजमहेंद्रीजवळचं ते गावच्या गाव नर्सऱ्यांचं आहे. ट्रेवर पट्ट्या नव्हत्या. पोरगं ट्रे मांडत होतं, मामा फोनवर समोरच्याला विचारत होते, "हिरवं, पांढरे ठिपके, ते काय म्हणालात?" आणि खडूनं ट्रेवर लिहीत होते: 'शिंगोनम'.

"मामा, हे सिंगोनियम नाही. सिंडाप्सस आहे."

"असेल की."

"मग खोडा ना."

त्यांनी खडू खिशात टाकला. "ताई, नाव आमच्याकडे गाडीबरोबर येतं. पुढच्या गाडीला हेच रोप दुसऱ्या नावानं येईल. मी किती वेळा खोडू? गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ते चांदीचं पान द्या. मी देतो. आजवर कुणी परत आणलं नाही."

मी आणलं असतं, असं म्हणणार होते. पण मीसुद्धा कुठे परत पाठवलं होतं?

मामांच्या शेडमध्ये नजर फिरवली तर अर्धं दुकान याच चालीचं. 'जेड' म्हणून जे लावलेलं ते पोर्चुलाकेरिया, दक्षिण आफ्रिकेतलं हत्तींचं खाणं. खरं जेड म्हणजे क्रासुला, जाड बुंध्याचं, मोठ्या गुबगुबीत पानांचं. आपल्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा बारीक पानांचं, तांबूस काड्यांचं हे पहिलंच मिळतं, आणि सगळ्या महाराष्ट्राच्या बाल्कनीत तेच जेड आहे. 'लकी बांबू' बांबू नाही, ड्रॅसिना आहे. 'मिनी मॉन्स्टेरा' मॉन्स्टेरा नाही, थायलंड-मलेशियाकडची ऱ्हाफिडोफोरा आहे. (याच ऱ्हाफिडोफोराची एक बहीण, भोकाभोकांच्या पानांची, आपल्या सह्याद्रीत झाडांवर चढलेली असते. भर पावसात तिच्याखालून ट्रेकवाले सेल्फी काढत जातात आणि घरी येऊन थायलंडवाली मागवतात. मीही.) 'अ‍ॅमेझॉनिका' अलोकेशियाचा अ‍ॅमेझॉनशी संबंध नाही. अलोकेशिया मुळात आपल्या आशियाची. मायामीच्या 'अ‍ॅमेझॉन नर्सरी'त १९५० च्या दशकात हा संकर झाला आणि नर्सरीचं नाव रोपाला चिकटलं. दुकानाची पाटी मुलाच्या कपाळावर.

आणि याला खोटेपणा म्हणावं तर आपली भाषाही त्यातलीच. सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा आणि देवळाच्या आवारातला पांढरा चाफा: पाचांची पाच कुळं, एकाचा दुसऱ्याशी पत्रव्यवहार नाही. दसऱ्याला आपण आपटा म्हणून जे सोनं लुटतो ते पुष्कळदा कांचनाचं पान असतं. सोसायटीच्या कडेला रांगेनं उभा केलेला अशोक, ज्याच्याखाली सीता बसली होती तो नव्हे. सीतेचा अशोक शेंदरी फुलांचा आणि पसरट, हा उंच, कोरडा, शिपायासारखा. नाव एकदा चिकटलं की आपण झाडाकडे बघायचं थांबवतो. मामांचं गिऱ्हाईक तरी 'चांदीचं पान' म्हणतं, म्हणजे त्यानं पान बघितलेलं असतं.

*

सगळीच चूक भोळी नसते. रंगाच्या बाबतीत तर नाहीच.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं बायकोच्या वाढदिवसाला 'पिंक काँगो' घेतला. फिलोडेंड्रॉन, वरची पानं खडीसाखरेच्या गुलाबी खड्यासारखी सबंध गुलाबी. गुलाबी फिलोडेंड्रॉन म्हणून ज्याचं नाव आहे तो 'पिंक प्रिन्सेस'. त्याच्या गडद पानांवर गुलाबी शिंतोडे असतात, कधी अर्धं पान, कधी काहीच नाही. तो रंग रोपाच्या पेशींत असतो आणि नवा कोंब काय घेऊन येईल हे कुणी सांगू शकत नाही. पिंक काँगोचा गुलाबी रंग रसायन देऊन आणलेला असतो. सहा महिने, फार तर वर्ष. मग नवी पानं हिरवी येऊ लागतात आणि जुनी गुलाबी पानंही हिरवी होत जातात. सहकाऱ्यानं मला मार्चमध्ये फोटो दाखवला तेव्हा साधा हिरवा काँगो होता, चांगला तजेलदार. "आजारी आहे का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही, बरा झालाय."

पांढऱ्यांचा वेगळाच घोळ. व्हाइट नाइट, व्हाइट विझर्ड, व्हाइट प्रिन्सेस, तिघांच्या पानांवर पांढरे पट्टे, तिघांच्या किमती वेगळ्या, तिघांच्या पट्ट्या बाजारात सतत अदलाबदल होत असतात. इथेही पान काही सांगत नाही. खोड बघायचं: नाइटचं तपकिरी-लालसर, विझर्डचं स्वच्छ हिरवं, प्रिन्सेसचं हिरव्यावर गुलाबी झाक. मला यातला एकही परवडलेला नाही, पण दुसऱ्याच्या रोपाचं खोड वाकून बघायची सवय लागली आहे. लग्नात नथ खरी की खोटी बघणाऱ्या बायका असतात, तशी.

मनी प्लांटमध्येही पांढऱ्याहिरव्यांची अशीच जत्रा आहे: मार्बल क्वीन, एन्जॉय, पर्ल्स अँड जेड, मंजुळा. पर्ल्स अँड जेड फ्लोरिडा विद्यापीठाचं. मंजुळाही त्यांचीच म्हणून पुष्कळ जण ठोकून देतात, पण पेटंटच्या कागदात तिचं नाव 'हन्सोती १४' असं आहे. जगभरचे लोक ओठांचा चंबू करून 'मान्ज्यूला' म्हणतात तेव्हा मला आमच्या वाड्यातल्या मंजुळामावशी आठवतात. त्यांना कुणी पांढरीहिरवी म्हटलं असतं तर त्यांनी झाडू फेकून मारला असता.

आणि पट्टी अगदी बरोबर असली तरी ती तशी राहील याची खात्री नाही. सान्सेव्हिएरिया, म्हणजे आपला स्नेक प्लांट, २०१७ मध्ये ड्रॅसिनात गेला. त्यामुळे तो आता लकी बांबूचा सख्खा भाऊबंद आहे, दोघांनाही पत्ता नाही. मोठ्या चिरलेल्या पानांचा सेलोम पुढच्याच वर्षी फिलोडेंड्रॉनमधून उठून थॉमॅटोफायलममध्ये गेला. या बदलांमागे जनुकांचा अभ्यास असतो, ते पटतंही. पण मामांना थॉमॅटोफायलम लिहायला लावायची माझी छाती नाही. ट्रेवर तेवढी जागाही नसते.

*

आता जे सांगायचं टाळत होते ते.

माझी वेल डिसेंबरपर्यंत चार फूट झाली. तिचा फोटो मी टाकला होता, आणि फोटोत पट्टी दिसत होती. नाशिकच्या एका मैत्रिणीचा निरोप आला: तुझ्या ऑब्लिक्वाची एक कांडी देशील? बदल्यात होयाची वेल देते, कार्नोसा जातीची, मुळं फुटलेली.

मला जुलैपासून माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. आणि मी म्हटलं, "हो, पाठवते."

दोन पेरांची कांडी कापली, टोकाला ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लास्टिक, वर वर्तमानपत्र. मग दह्याच्या डब्याची कापलेली एक पांढरी पट्टी घेतली आणि तिच्यावर नाव लिहिलं. पेन्सिलनं लिहिलं, कारण मार्कर उन्हात उडतो आणि पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. हे सगळं मी नीट, निगुतीनं केलं. खोटं असं मी बोललेच नाही. ती 'ऑब्लिक्वा' म्हणाली, मी 'हो' म्हटलं, पुढचं पट्टीनं केलं.

का केलं, याचं उत्तर मी तेव्हा स्वतःला असं दिलं, की मला तरी शंभर टक्के कुठे खात्री आहे? मॅडिसनच्या पुस्तकातसुद्धा बिनभोकांची ऑब्लिक्वा आहे. खरं उत्तर साधं होतं. तिला 'अगं, ती अ‍ॅडन्सोनी निघाली' असं सांगितलं असतं तर माझे दोन हजार पन्नास रुपये त्या क्षणी कायमचे गेले असते. ती पट्टी जोवर कुंडीत होती तोवर ते कुठेतरी शिल्लक होते. आणि एका होयाच्या रूपानं त्यातले थोडे परत येत होते.

मला विकणाऱ्यानंही असंच केलं असेल का? कुणीतरी त्याला ऑब्लिक्वा म्हणून विकली असेल, त्याचंही तिसरं पान चिमटीत जाड लागलं असेल, आणि त्यानंही खांदे उडवून पट्टी तशीच ठेवली असेल. त्याच्यावरचा माझा राग त्या डिसेंबरात उतरला. उतरावाच लागला.

होया आला. मी त्याच्यावर पाळत ठेवली. कार्नोसा म्हणून प्युबिकॅलिक्स हा दुसराच होया देण्याचा प्रकार फार चालतो, पानं जरा लांबट आणि रुपेरी शिंतोड्यांची असली की शंका घ्यावी. मला ती शंका हवीच होती. दीड वर्षानं फुलांचा झुपका आला: फिकट, गुलाबीकडे झुकणारी, मेणाची वाटावीत अशी चांदणीसारखी फुलं, प्रत्येकाच्या मधोमध लाल ठिपका. शुद्ध कार्नोसा. पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. याचा मला अजून राग येतो.

त्याच रात्री तिला फोन केला. सगळं सांगितलं, जुलैपासूनचं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला पहिल्याच पानाला कळलं होतं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू पेन्सिलनं इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं होतंस." मग म्हणाली, "मी एक कांडी कोल्हापूरला दिली, एक ठाण्याला."

"कुठल्या नावानं?"

"पट्टीसकट दिली."

तिनं दोघींना कळवायचं कबूल केलं. ठाण्याची म्हणाली, बरं. कोल्हापूरच्या बाईंनी उत्तर दिलं की त्यांच्याकडे ती जगली नाही, खरी ऑब्लिक्वा नाजूकच असते, असं त्या ऐकून होत्या.

*

आमच्या गॅलरीत आईची एक कुंडी आहे, माझ्या सगळ्या कुंड्यांपेक्षा जुनी. दरवर्षी पावसाळ्यात एका रात्री, साधारण नऊच्या सुमाराला, तिच्यावरची कळी हलायला लागते. हलायला म्हणजे खरंच, डोळ्यांदेखत. मान वर करते, पाकळ्या थरथरतात, बारापर्यंत पूर्ण उघडते, बशीएवढी, पांढरी, आणि जिन्यात वास जातो. शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन येतात. वरच्या मजल्यावरची पोरं झोपेतून उठवून आणलेली असतात. आई निरांजन ओवाळते. सकाळी ते फूल पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत असतं.

ब्रह्मकमळ. अख्ख्या महाराष्ट्रात त्याला ब्रह्मकमळ म्हणतात. ते निवडुंग आहे, एपिफायलम, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपण ज्याला पान म्हणतो आणि मातीत खोचून नवं रोप करतो ते पानही नव्हे, चपटं झालेलं खोड आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात साधारण चार हजार मीटरवर फुलतं, उत्तराखंडचं राज्यपुष्प ते. सूर्यफुलाच्या कुळातलं. फिकट, कागदी, पारदर्शक पानांच्या ओंजळीत जांभळट फुलांचा गुच्छ. दोन्ही शेजारी ठेवली तर कुणी एकाला दुसरं म्हणणार नाही. पण शेजारी ठेवायला कुणी हिमालयातून आणणार नाही, आणि आणूही नये.

ऑब्लिक्वाच्या भरात असताना, सगळ्यांच्या पट्ट्या दुरुस्त करायचा ताप चढलेला असताना, मी हे आईला सांगितलं होतं. फोनवर दोन्ही फोटो दाखवले. तिनं चष्मा वर करून हिमालयातलं फूल नीट बघितलं.

"चांगलं आहे," म्हणाली. "त्याला काय म्हणायचं ते तिकडच्या लोकांनी बघावं."

यंदा श्रावणात एका रात्री तीन फुलं आली. शेजारच्या काकूंच्या मुलीचं वाकडला नवं घर झालंय, तिला एक रोप हवं होतं. आईनं एक 'पान' कापून आठवडाभर सुकवलं, दुधाच्या पिशवीत माती भरून त्यात लावलं, आणि महिन्याभरानं कोंब दिसल्यावर मला हाक मारली.

"अगं, तुझी ती पट्टी घे एक. नाव लिहून दे, नाहीतर ती पोरगी निवडुंग म्हणून टाकून देईल."

मी दह्याच्या डब्याची पट्टी कापली. पेन्सिलला टोक केलं. 'ब्रह्मकमळ' लिहिलं, वळणदार, ठसठशीत. पट्टीवर खाली अर्धा इंच जागा उरली होती. पेन्सिल तिथे थांबली होती, ते आईनं बघितलं.

"तेवढंच," ती म्हणाली, आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन मातीत खोचली.